बर्फाला घाम फुटेपर्यंत

बर्फ सुरुवातीला मुका असतो. डीप फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेली ती चपटी प्लास्टिकची बाटली, कानाशी धरून हलवा. दगड हलवल्यासारखं वाटेल. मग जरा वेळानं तिच्या अंगावरची पांढरी भुकटी विरते, घाम फुटतो, आणि आत कुठेतरी खोल पाणी जागं होऊन कूस बदलतं. तेवढा एक आवाज आला, की बर्फ औषधाशेजारी ठेवायच्या लायकीचा झाला. त्याआधी ठेवला, तर शेजारच्या कुपीतलं इन्शुलिन गोठतं. पुढे ते वितळतं, दिसायला पुन्हा होतं तसंच दिसतं, पण त्यातला जीव गेलेला असतो.

औषधांच्या गोदामात हे काम थोरलीकडे होतं. तिथे सगळे तिला मावशी म्हणत. थोरली म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते नदीपलीकडे होतं.

नदीवर पूल होता. एके काळी त्यावरून भाजीच्या गाड्या, शाळेची मुलं आणि रुसून माहेरी निघालेल्या बायका ये-जा करत. आता पलीकडे लढाई होती. दोन्ही बाजूंचं जमलं, तर महिन्यातून एखाद-दोनदा पूल दोन तासांपुरता उघडे, आणि तोही फक्त औषधांसाठी. इकडचा ट्रक मध्यापर्यंत जाई, तिकडचा समोरून येई, पेट्या या गाडीतून त्या गाडीत चढत, आणि जो तो आपल्या काठाला परते. रिकाम्या पेट्या मागाहून, दोन-चार दिवसांनी, पहारेकरी पुलावरून आणून देत. माणसानं ओलांडायचं नाही. फोन तर वर्षभरात लागलाच नव्हता.

पलीकडच्या दवाखान्यात धाकटी नर्स होती. तिची मुलगी अकरा वर्षांची, डाव्या हाताची, म्हणून घरात तिचं नाव डावरी. डावरीला लहानपणापासून साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचलं तरच ती हसायची, भांडायची, अभ्यास चुकवायची. तिला धरून अशी चाळीसेक मुलं त्या दवाखान्याच्या यादीत होती. थोरली देवापुढे हात जोडी तेव्हा चाळीसही जणांसाठी जोडी. पण मन मेलं लबाड, ते त्या चाळिसांतून बरोबर एकीपाशी जाऊन बसे.

पेटीत चिठ्ठी घालायला बंदी होती. चिठ्ठी सापडली, तर अख्खा ट्रक माघारी. तरी दोघी बहिणींचं बोलणं सुरू होतं, ते दोरीनं. त्यांचे वडील नावाडी होते. पूल नव्हता तेव्हा त्यांची नाव हाच पूल. नाव बांधायची त्यांची एक गाठ होती: दोन वळसे, एक पोटाखालून, एक पाठीवरून. ते म्हणत, "गाठ अशी हवी पोरींनो, की नदीनं ओढली तर आवळावी, आणि आपल्या माणसानं हात लावला की सुटावी." थोरली निळी शीतपेटी बांधे ती त्याच गाठीनं. रिकामी पेटी परत येई तीही त्याच गाठीनं. म्हणजे धाकटी आहे. म्हणजे बरं आहे.

एकदा सरहद्दीच्या नाक्यावरच्या सीलवाल्यानं विचारलं होतं, "ही दोरी कशाला?"

"उचलायला," थोरली म्हणाली होती. "दोरीच आहे साहेब, तिला कुठे लिहिता-वाचता येतं?"

आणि मग ती चूक झाली.

मागच्या खेपेला थोरली आइसपॅक टेबलावर मांडून बसली होती, आणि ड्रायव्हरकाका धावत आले. काकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. "मावशी, तुमच्या बहिणीला बघितलं म्हणे त्या तिकडच्या ड्रायव्हरनं! पेट्या घ्यायला स्वतः आली होती!" थोरलीचं सगळं अंग कान झालं. कशी दिसते, बारीक झाली का, केस बांधलेले होते का सोडलेले, सोबत मुलगी होती का. काकांना ठाऊक एवढंसं, त्यांनी सांगितलं एवढं मोठं. बोलता बोलता हात आपलं काम करत राहिले. आइसपॅक उचलले, पेटीत रचले, झाकण लावलं. कानाशी मात्र एकही धरला नाही. कानाला त्या दिवशी दुसरंच काम होतं.

पेटीत एक लहानशी पट्टी ठेवतात, औषध गोठलं का ते सांगणारी. सगळं नीट असेल तर तिच्यावर बरोबरची खूण राहते. गोठलं, की तिची फुली होते. रिकामी पेटी परत आली. गाठ धाकटीचीच होती. आतल्या पट्टीवर फुली होती.

एकशे वीस कुप्या, सगळ्या फेकलेल्या. आणि फेकणारा हात धाकटीचा.

त्या दिवसापासून थोरलीनं नेम धरला. पेटी कुठल्याही दवाखान्याची असो, पहिला आइसपॅक फ्रीजरबाहेर आला, की झाकण बंद होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शिक्षा म्हणून नव्हे. कान मोकळे राहावेत म्हणून. गोदामातली पोरंपोरी पहिल्यांदा हसली, मग तीही त्या वेळी हळू बोलू लागली. कुणी म्हणालं, "मावशी बर्फाच्या बारशाला बसल्यात, गोंगाट करू नका."

*

आज सकाळी धुकं इतकं होतं, की गोदामाचं फाटक कुणीतरी पुसून टाकल्यासारखं दिसत होतं. पूल बाराला उघडायचा होता. थंडीच्या दिवसांत बर्फाला घाम फुटायला अडीच-तीन तास लागत, म्हणून थोरलीनं साडेआठलाच चोवीस आइसपॅक काढले, टेबलावर बोटभर अंतरानं मांडले आणि ओठ मिटले. पलीकडे उरलेल्या कुप्यांचा हिशेब तिनं मनात कितीदा तरी केला होता. सगळ्या मुलांना निम्मं निम्मं दिलं असेल, तर काल-परवापर्यंत पुरलं असेल. आज गेलं नाही, तर त्यापुढचा हिशेब तिला करायचा नव्हता.

पावणेनऊला गोदामाच्या मॅडम फोन कानाला लावूनच आत आल्या. तिशीच्या आतल्या, कायम अर्ध्या वाक्यात. "मावशी, वेळ बदलली. दहा ते अकरा. एकच तास. बांधा पटकन, काका गाडी लावतायत."

थोरलीनं एक आइसपॅक कानाशी धरून हलवला. दगड.

तिनं मान हलवली.

"नाही म्हणजे? मावशी, पुढची वेळ कधी मिळेल मला माहीत नाही. महिना लागेल. दोन लागतील."

थोरलीनं आइसपॅक त्यांच्या कानाशी धरला. मॅडमनी फोन खाली घेतला आणि ऐकलं. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. "पाण्यात बुडवले तर?" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच नळाकडे बघून त्यांनी उसासा टाकला. नळ दुपारनंतर येई. पिंपात होतं ते प्यायला.

तेवढ्यात ड्रायव्हरकाका आले, मफलर गळ्यात, दम लागलेला. "मावशी! अहो, काल पुलावर याद्यांची देवघेव होती, तेव्हा तो तिकडचा ड्रायव्हर भेटला. निरोप आहे. तुमच्या बहिणीचा निरोप आहे तुम्हाला!"

थोरलीचा हात हवेत थांबला.

फ्रीजरच्या फटीतून वाफ निघत होती, जमिनीवरून सरपटत काकांच्या बुटांपर्यंत जात होती. निरोप. वर्षभरात पहिला. शब्दांचा, दोरीचा नव्हे. थोरलीच्या घशाशी नुसता एक 'सांगा' येऊन उभा राहिला. तिनं तो गिळला, आणि काकांच्या तोंडासमोर तळहात धरला.

"अहो, चार शब्दांचा तर आहे," काका म्हणाले. "ऐकायला कुठे नेम मोडतो?"

तिनं पुन्हा तळहात पुढे केला. ऐकलं की विचारावंसं वाटणार. विचारलं की कान जाणार. मागच्या वेळी हेच झालं होतं.

"बरं बाई. ठेवतो गालात," काका म्हणाले. "पण मला ठेवता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. लवकर आटपा, नाहीतर मी फुटेन."

मग थोरलीनं जे केलं ते पाहून मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. तिनं कुप्यांचे खोके निळ्या पेटीत जागच्या जागी लावले, पट्टी ठेवली, झाकण उघडंच ठेवलं आणि पेटी काकांच्या हाती दिली. चोवीस आइसपॅक पदरात, पिशवीत, मिळेल तिथे घेतले आणि जाऊन ट्रकच्या केबिनमध्ये बसली. सील नाक्यावर लागतं. तोवर झाकण उघडं असलं तर कुणाचं काय बिघडतं?

"मावशी, तुम्ही कुठे?" मॅडम ओरडल्या. मग त्याही दुसऱ्या दारानं चढल्या. "सरका जरा. द्या इकडे सहा."

ट्रक धुक्यात शिरला. रस्ता दिसत नव्हता; दिसत होते ते फक्त पुढचे चार हात, आणि ते संपले की आणखी चार हात. थोरलीच्या मांडीवर आठ आइसपॅक होते, दोन बगलांत दोन. थंडी हाडात उतरत होती, पण ती काही वाईट थंडी नव्हती. लहानपणी पहाटे वडिलांच्या नावेत बसलं, की पाण्यात हात सोडावा आणि बोटं आपली नाहीशी होईपर्यंत तसाच ठेवावा, तशी. समोर धाकटी बसायची, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून. "थोरले, नदीला तळ असतो का गं?" "असतो." "मग तो कुणी बघितलाय?" काय सांगावं अशा पोरीला?

"बॉनेटवर ठेवूया का?" काका म्हणाले. "इंजिन तापलंय. पाच मिनिटांत पाणी पाणी."

थोरलीनं मान हलवली आणि मूठ मिटून दाखवली, मग दुसऱ्या हातानं ती मूठ लपेटली.

"काय म्हणतात?" काकांनी मॅडमना विचारलं.

"बाहेरून पाणी होईल, आत दगड राहील," मॅडम म्हणाल्या. "सगळीकडून सारखी ऊब हवी. माणसाची."

थोरलीनं त्यांच्याकडे वळून बघितलं. अर्ध्या वाक्यातली पोर आज पूर्ण बोलत होती, आणि तेही दुसऱ्याच्या मनातलं.

नाक्यावर पंधरा-सोळा गाड्या रांगेत होत्या. सलाइनच्या, बँडेजच्या, स्ट्रेचरच्या. ड्रायव्हर खाली उतरून हात चोळत उभे होते. सव्वानऊ वाजले होते. थोरलीनं आइसपॅक कानाशी धरला. आत अजून काही नव्हतं. दोघींच्या अंगात मिळून ऊब ती किती?

ती खाली उतरली. रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरसमोर जाऊन तिनं त्याच्या हातात एक आइसपॅक ठेवला आणि त्याचे हात त्याच्याच छातीशी दाबले. तो बघतच राहिला. तिनं पुढच्याला दिला. मग त्याच्या पुढच्याला.

"अहो बाई, हे काय? आधीच कुडकुडतोय मी!"

"धर रे," मागून काका म्हणाले. "पलीकडच्या लेकरांचं औषध आहे. बर्फ उबवायचाय."

"बर्फ उबवायचा? मी काय कोंबडी आहे?"

"तू कोंबडी असतास तर इतकी वटवट केली नसतीस. शर्टाच्या आत घाल."

हसणं झालं, शिव्या झाल्या, आणि मग हळूहळू ते सगळं निवलं. धुक्यात माणसं ओळीनं उभी होती, कुणी पोटाशी, कुणी बगलेत, कुणी दोन्ही हातांत बर्फ धरून. तान्ही मुलं घेऊन दवाखान्याच्या दारात बाप उभे असावेत तशी. कुणी बोलत नव्हतं. थोरलीचं न बोलणं त्यांना लागलं होतं, एकाच्या जांभईनं दुसऱ्याला जांभई यावी तसं. पुलाखालून नदी वाहत होती. ती दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. थोरलीला वाटलं, आपण सगळे एकाच पाण्याकडे कान लावून उभे आहोत. थोडं खाली वाहतंय, थोडं आपल्या हातात झोपलंय.

दहा वाजले. पहिल्या गाड्या पुढे सरकल्या. ज्याची गाडी निघे तो आपला आइसपॅक मागच्याच्या हाती देई आणि जाई. दहा वीस. दहा पस्तीस. रांग संपत आली तेव्हा चोवीसही आइसपॅक थोरलीच्या ट्रकपाशी येऊन पोचले होते, आणि सीलवाला तारेची गुंडाळी घेऊन समोर उभा होता.

"झाकण का उघडं? बाई, सील लावायचंय. पाऊण तास संपला माझा." थोरलीनं हात जोडले. "बोला की! यादी कुठे? कुप्या किती?"

"त्यांचं मौन आहे साहेब," काका म्हणाले.

"मौन? मग सही कोण करणार?"

"सही हातानं करतात. तोंडानं करायची असेल तर मी करतो."

सीलवाल्याला हसू आवरेना, पण त्यानं मनगटावरचं घड्याळ ठोकून दाखवलं. "पाच मिनिटं. अकराला फाटक पडणार. मग तुम्ही आणि तुमचं मौन, दोघं इथेच."

थोरलीनं पहिला आइसपॅक कानाशी धरला. डोळे मिटले. हलवला.

आत पाणी होतं. थोडंसंच. झोपेतल्या मुलानं ओठ चाटावेत एवढंच. पण होतं.

तिनं तो पेटीत ठेवला. दुसरा घेतला. मॅडमनी तिसरा स्वतःच्या कानाशी धरला आणि त्यांचे डोळे मोठे झाले, काकांनी चौथा. मग सीलवाल्यानंही काय वाटलं कोण जाणे, तार काखेत मारून एक उचलला, कानटोपी वर केली आणि मान वाकडी करून ऐकत राहिला. "बोलतंय की," तो हळूच म्हणाला. जणू मोठ्यानं बोललं तर ते थांबेल.

अठरावा मुका होता. थोरलीनं तो पोटाशी धरला. सीलवाला घड्याळाकडे बघत होता. काका आभाळाकडे बघत होते. ती बर्फाकडे बघत होती, आणि मनातल्या मनात देवाला एवढंच म्हणत होती: तुझ्या हातात आहे सगळं, माझ्या हातात एवढा एकच आहे, एवढा होऊ दे. त्याच्या अंगावर एक थेंब धरला, ओघळला. तिनं हलवला. कूस बदलली.

चोवीस. झाकण. खटका. दोरीचे दोन वळसे, एक पोटाखालून, एक पाठीवरून. वर सीलवाल्याची तार.

"झालं," थोरली म्हणाली. सकाळपासूनचा पहिला शब्द.

पेटी पुलाच्या मध्यावर गेली तेव्हा अकराला सहा मिनिटं कमी होती. काका गाडी घेऊन परत आले, उतरले, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्यासमोर उभे राहिले. "आता सांगू का? गाल दुखायला लागला माझा."

"सांगा."

"तुमची बहीण म्हणाली: थोरलीला सांगा, घाई करू नकोस. आम्ही थांबतो."

थोरलीनं नदीकडे तोंड केलं. धुकं जरासं विरळलं होतं, आणि पलीकडचा काठ पुसट, पाण्यात भिजवलेल्या कागदासारखा, दिसू लागला होता. किती थांबणार होत्या, काय खाऊन, कशाच्या बळावर, ते त्या चार शब्दांत नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस तिनं तेच चार शब्द उशाशी घेऊन झोप आणली.

*

पूल पुन्हा उघडला तो एकोणिसाव्या दिवशी. त्या दिवशीही वेळ अचानकच बदलली. एरवी दोन-चार दिवसांत येणाऱ्या रिकाम्या पेट्याही या खेपेला रखडत त्याच सकाळी आल्या, आणि काकांनी निळी पेटी आणून टेबलावर ठेवली तेव्हा थोरलीनं आइसपॅक मांडून ओठ मिटलेले होते.

तिनं दोरीला हात लावला आणि थबकली.

गाठ वडिलांचीच होती. पण काहीतरी चुकत होतं. दोन वळसे होते, पण उलट्या बाजूनं. पोटाखालून जाणारा पाठीवरून गेला होता, पाठीवरचा पोटाखालून. आरशात बघून बांधल्यासारखी. वळसे सैल, टोक लांबच लांब सोडलेलं.

ही गाठ तिनं एकदाच पाहिली होती, पाच वर्षांपूर्वी, पलीकडच्या घराच्या पायरीवर. समोर बसवून ती डावरीला शिकवत होती, आणि पोरगी जीभ दातांत धरून सगळं उलटं करत होती. "अगं, उजवीकडून!" "माझं उजवं इकडे आहे, मावशी." धाकटी आतून हसत म्हणाली होती, "सोड गं थोरले. तिची गाठ तिच्यासारखी. सुटल्याशी कारण."

थोरलीनं डावा हात पुढे केला, लांब सोडलेलं टोक धरलं आणि ओढलं. गाठ चटकन सुटली. आत मागच्या खेपेचे आइसपॅक होते, आता पाणी झालेले, आणि तळाशी पट्टी. पट्टीवर बरोबरची खूण होती.

"काय झालं मावशी?" काकांनी विचारलं. "चेहरा का असा? वाईट आहे का काही? अहो, बोला ना!"

तिच्या तोंडात अख्खं घर येऊन उभं राहिलं होतं, पायरीसकट. तिनं त्यांच्यासमोर तळहात धरला. टेबलावर चोवीस आइसपॅक वाट बघत होते, अजून पांढरे, अजून मुके. तिनं त्यातला पहिला उचलला, ओल्या डोळ्यांनी कानाशी लावला, आणि ऐकू लागली.